एक दिवस उशिरा उतरलेला बावटा

वादळ संपलं, असं वाक्य मी नानांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. टीव्हीवरचा माणूस संपलं म्हणायचा, पेपर म्हणायचे, अमेरिकेची ती हवामानाची वेबसाइटही शेवटचं पत्रक काढून हात झटकायची. नाना चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "त्यांच्या हद्दीतून गेलं, एवढंच." आणि मग ते पुढे गेलं कुठे, याचा शोध घेत बसायचे. समोरचा भात गार व्हायचा. मी तशी फटकळ, मी म्हणायचे, अहो नाना, तुमची हद्द तरी आता कुठली राहिली? त्यावर ते नुसते हसायचे आणि ताट पुढे ओढायचे.

नाना म्हणजे माझे सासरे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहानशा बंदरावर त्यांनी बत्तीस वर्षं बावटे लावले. किनाऱ्यावर दिवस काढलेल्यांना हे समजावायला नको. मुंबईहून फोन आला की बंदर ऑफिसच्या खांबावर काळे शंकू, काळी नळकांडी चढायची आणि गावभर व्हायचं, तीन नंबरचा लागला. एक नंबर म्हणजे वादळ लांब समुद्रात आहे, लक्ष ठेवा. तीन नंबर म्हणजे होड्या वर ओढा. तो फोन घेणारे आणि ती दोरी ओढणारे आमचे नाना. गावात त्यांना कुणी आडनावाने ओळखत नसे, सगळ्यांचे ते बावटेनाना. त्यांच्या तळहाताला दोरीचे घट्टे होते. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी डोक्यावर हात ठेवला तेव्हा माझे केस त्यात अडकले होते.

करोनाच्या आधीच्या वर्षांतली ही गोष्ट. आम्ही तेव्हा जर्मनीत कुक्सहाफनला राहत होतो. एल्बे नदी जिथे समुद्राला मिळते तिथलं हे बंदर. प्रशांत, माझा नवरा, समुद्रातल्या पवनचक्क्या बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. दक्षिणेला वाल्डॉर्फ किंवा उंटरश्लाइसहाइमला नोकरी असती तर गल्लीगल्लीत मराठी माणसं भेटली असती. इथे मराठी बोलणारे आम्ही दोघं, आणि त्यातला एक सकाळी साडेसहाला घर सोडायचा. मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट होते. इथे काम करायला पदवीची मान्यता लागते, आनएरकेनुंग म्हणतात तिला. ती मिळवण्यासाठी मी चौदा महिने खेटे घालत होते. आम्टमधल्या, म्हणजे सरकारी कचेरीतल्या, बाईंना दर वेळी आणखी एक कागद हवा असायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत मी कोंडल्यासारखी झाले होते. फ्रिजशी बोलायला सुरुवात झाली होती माझी, खोटं कशाला सांगू?

अशात नाना आले. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. नव्वद दिवसांचा व्हिसा होता, ऑगस्टपासून. आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात, मी अंघोळीला गेले असताना, ते खाली उतरले आणि समुद्राचा वास घेत थेट धक्क्यावर जाऊन उभे राहिले. हरवले-बिरवले नव्हते. पण पायात घरातल्या सपाता होत्या, भाषा येत नव्हती, तेव्हा दोन पोलिसांनी त्यांना आदराने गाडीत बसवून घरी आणलं. प्रशांतचा चेहरा पांढरा पडला. त्या दिवसापासून नानांनी एकट्याने बाहेर जायचं नाही असं ठरलं. त्यांना वेगळी किल्लीही मिळाली नाही, कारण इथे एक किल्ली हरवली तर सगळ्या इमारतीची कुलपं बदलावी लागतात.

जर्मनीतलं दार ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक असेल. बाहेरून त्याला फिरवायची मूठच नसते. ओढून घेतलं की बंद. बाहेर पडायला किल्ली लागत नाही, परत यायला लागते. नानांना या दाराचं फार नवल वाटायचं. गावचं घर शेजाऱ्यांवर सोपवून, नुसतं दार ओढून आलेले ते, त्याच्यासमोर उभे राहून म्हणाले होते, "आमच्या दाराला कडी आहे, तीही आतून. बाहेरून लावायला आम्ही जातोय कुठे?" मी हसले खरी, पण लगेच वळून चहाचे कप विसळायला लागले. कारण मला एक गोष्ट माहीत होती आणि त्यांना नव्हती.

प्रशांतने गावाकडचं घर विकायचं ठरवलं होतं. गिऱ्हाईक ठरलं होतं. पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात नानांसाठी खोली घेऊन ठेवली होती, खिडकीतून डोंगर दिसणारी. नाना परत जातील ते थेट तिथेच. घर नानांच्या नावावर, म्हणून हॅम्बुर्गच्या भारतीय वकिलातीत नेऊन मुखत्यारपत्रावर त्यांची सही घ्यायची होती. आणि त्यांना सांगायचं काय, तर पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायचाय. प्रशांत दुष्ट नव्हता हो. सासूबाई गेल्यानंतर नाना अंगणात पडले होते, आणि ते मुलाला कळलं चौथ्या दिवशी, तेही शेजाऱ्यांकडून. तेव्हापासून फोन वाजला की हा हातातलं टाकून धावायचा. मला म्हणाला, सगळं झाल्यावर सांगू, आधी सांगितलं तर ते ऐकायचे नाहीत. मी बरं म्हणाले. एका शब्दात अडकले आणि दिवसभर त्याच माणसासमोर बसून चहा प्यायचा, ही शिक्षा मला झाली.

नानांचा दिवस ठरलेला. सकाळी त्रिसरण-पंचशील म्हणून झालं की चहा, मग बाल्कनीत जाऊन वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं, आणि मग माझ्या टॅबलेटवर अटलांटिक उघडायचा. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून एखादा ढगांचा पुंजका निघाला की नाना त्याच्या मागे लागायचे. तो वाढायचा, त्याची हरिकेन व्हायची, तिला नाव मिळायचं, अमेरिकेतले लोक खिडक्यांना फळ्या ठोकायचे. मग ती उत्तरेला वळून थंड पाण्यावर गेली की जगाचा तिच्यातला रस संपायचा. नानांचा तिथून सुरू व्हायचा. त्यांचं म्हणणं, अशी वादळं मरत नाहीत, उत्तरेतल्या वाऱ्यांच्या हाती लागतात आणि रूप बदलून युरोपात येतात. मी हे जर्मन संकेतस्थळावर पडताळून पाहिलं. खरं निघालं. मला जरा रागच आला.

मग बावटा आलाच. नानांनी काळ्या पुठ्ठ्याचा शंकू केला, चांगला हातभर, आणि बाल्कनीत दोरीने टांगला. आठवड्यात घरमालकाच्या कचेरीतून पत्र. बाल्कनीत अनधिकृत वस्तू लटकवल्याबद्दल, नियम अमुक, कलम तमुक. प्रशांतने कपाळाला हात लावला. तेव्हा शंकू स्वयंपाकघरात, पडद्याच्या दांडीवर आला. हा एक नंबरचा, असं नानांनी मला सांगितलं, आणि लगेच माफी मागितल्यासारखं म्हणाले की खरा एक नंबर असा नसतो, पण घरात शंकू एकच आहे तर चालवून घे. मी चालवून घेतलं. दहा दिवसांत मीच सकाळी उठल्याउठल्या दांडीकडे बघायला लागले.

दुपारी चारला मी त्यांना धक्क्यावर न्यायचे. तिथे एक जुना लोखंडी मनोरा आहे, त्याला हात आहेत. लांबच्या बेटांवर वारा किती आणि कुठून, हे त्या हातांच्या उंच-खाली होण्यावरून जहाजांना कळावं म्हणून शंभरहून जास्त वर्षांपूर्वी तो उभारलेला. आता जहाजांना त्याची गरज नाही. तरी बेरेंड्स नावाचे एक निवृत्त खलाशी हौसेने येऊन हँडल फिरवून ते हात वर-खाली करायचे. नाना पहिल्या दिवशी ते बघून जागीच थांबले. तीन दिवस नुसते बघत राहिले. चौथ्या दिवशी बेरेंड्सनी त्यांच्या तळहाताकडे पाहिलं, आणि आपला तळहात पुढे केला. त्यालाही घट्टे. मग हँडल नानांच्या हातात आलं. नाना जर्मनमधला एकच शब्द शिकले, गेनाऊ, म्हणजे बरोबर, आणि तो ते सगळ्याला वापरायचे. हात वर गेला, गेनाऊ. कॉफी आली, गेनाऊ. बेरेंड्स मराठीतलं काही शिकले नाहीत, पण नाना यायला उशीर झाला की रस्त्याकडे बघत उभे असायचे.

एका दुपारी आम्ही बटाटे सोलत बसलो होतो आणि मी सहज विचारलं, नाना, तुम्हाला संपलेल्या वादळांचाच एवढा नाद का? त्यांनी सुरी खाली ठेवली. एका ऑक्टोबरात, म्हणाले, वादळ आपल्याकडे न येता ओमानकडे वळलं. मुंबईहून फोन आला, बावटा उतरवा. नानांना त्या दिवशी समुद्र आवडला नव्हता. वारा पडलेला, पण लाटा लांब लांब, जड येत होत्या. तरी हुकूम आला म्हणून उतरवला. तो उतरलेला पाहून चार होड्या गेल्या. संध्याकाळी वादळाचं शेपूट फिरलं. तीन आल्या. चौथीतला शंकर नानांच्या शाळेतला, एका बाकावरचा.

"हुकूम चुकीचा नव्हता गं," नाना म्हणाले. "वादळ खरंच तिकडे गेलं होतं. पण मला दिसत होतं आणि मी गप्प बसलो. दिसलं की लावायचा. ऐकायचं की नाही ते होडीवाला बघेल."

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत त्यांनी प्रत्येक बावटा एक दिवस उशिरा उतरवला. त्याबद्दल दोन मेमो मिळाले, आणि ते त्यांनी जपून ठेवले होते. मी मान खाली घालून बटाटे सोलत राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

सप्टेंबर संपताना एक मोठी हरिकेन अमेरिकेच्या किनाऱ्याला खरवडून उत्तरेला वळली आणि बातम्यांतून दिसेनाशी झाली. नानांनी शंकू चढवला. पाचव्या दिवशी कुक्सहाफनमध्ये हवा एकदम उबदार झाली. दमट, चिकट, शर्ट पाठीला चिकटेल अशी. जर्मन लोक खूश होऊन आइस्क्रीम खायला बाहेर पडले. नाना बाल्कनीत उभे राहून हवा हुंगत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, हा आपल्याकडचा वास आहे, ती तिकडची हवा बरोबर घेऊन आलीय. मलाही तो वास आला. आईच्या घरी पावसाआधी कपडे आत घेताना येतो तसा. त्या दिवशी मला घरची इतकी आठवण झाली की मी नळ सोडून बाथरूममध्ये रडले.

आणि वकिलातीतली वेळ नेमकी दुसऱ्या दिवशीची होती. नाना म्हणाले, उद्या जाऊ नका, उद्या ती येणार. आणि हयातीचा दाखला तर नोव्हेंबरात लागतो ना? प्रशांत म्हणाला, आधीच काढून ठेवू, नंतरची वेळ मिळतेय ती तुम्ही गेल्यावरची. मग त्याने फोनवर हवामान दाखवलं. "हरिकेन कधीच संपली, नाना. आता नुसतं वारं आहे." नाना म्हणाले, "नुसतं वारं म्हणतात तेव्हाच लोक बाहेर पडतात." पण प्रशांत ऐकेना, तेव्हा त्यांनी मुकाट्याने कोट चढवला. निघताना शंकू तसाच लटकत होता.

श्टाडपर्यंत रेल्वे ठीक गेली. पुढे सफरचंदांच्या बागा लागतात, झाडं फळांनी लगडलेली. तिथे वारा आला. आधी झाडं एका बाजूला झुकली, मग डब्याच्या काचेवर काहीतरी आपटायला लागलं. बघते तो सफरचंदं. गाडी हळू झाली आणि थांबली. रुळावर झाड पडलंय, पुढेमागे दोन्हीकडे, अशी घोषणा झाली. पावणेदहा वाजले होते. दारं उघडेनात, वीज गेली, एसी बंद. त्या दमट हवेत आम्ही सगळे काचेत बंद. वकिलातीची अकराची वेळ आमच्या समोरून निघून गेली. प्रशांत फाइल मांडीवर घट्ट धरून बसला होता. नाना खिडकीतून बाहेर बघत होते. एकदाही म्हणाले नाहीत की मी सांगितलं होतं.

दोन तास झाले. पाण्याच्या बाटल्या वाटून गेल्या. प्रशांत हळूच मला म्हणाला, लवकर सुटली तर विनंती करू, दुपारीही घेतात कधी कधी. म्हणजे आजच सही घ्यायचं त्याने अजून सोडलं नव्हतं. नानांनी खिशातून पेन काढून बघितलं, चालतंय का म्हणून स्वतःच्या तळहातावर एक रेघ ओढली. त्या घट्ट्यांवर ती उमटेना. परत ओढली. माझ्याने बघवलं नाही.

मी म्हणाले, "नाना, तो कागद हयातीचा नाही. घर विकायचा आहे."

प्रशांत ताडकन उभा राहिला. बसायला सांगायला कुणी नव्हतं आणि जायला जागा नव्हती, तेव्हा परत बसला. मला म्हणाला, तुला काय गरज होती, तुझं काय जात होतं? नानांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तिला बोलू नकोस. दाखल्याचा नाही एवढं मला कळत होतं, मी सरकारी नोकरी केलीय. कशाचा ते कळत नव्हतं." मग म्हणाले, "मला विचारलं असतंस तर कदाचित हो म्हणालो असतो रे."

मग प्रशांत रडला. भर डब्यात, जर्मन लोकांसमोर, सहा फुटी माणूस. म्हणत होता, तुम्ही पडलात आणि मला चार दिवसांनी कळलं, चार दिवस, नाना. इथे मी रोज हजारो माणसांसाठी वीज बनवतो आणि माझ्या बापाला पाणी द्यायला कुणी नव्हतं. नानांनी त्याला थोपटलं नाही, समजावलंही नाही. फाइल घेतली, कागद सगळा वाचला, इंग्रजी ओळीखाली बोट फिरवत, आणि परत दिला. म्हणाले, आधी घर बघून येतो, मग सांगतो. अडीच वाजता गाडी हलली. पुढच्या स्टेशनवर उतरून आम्ही परत फिरलो. त्या रात्री प्रशांतने आपल्या जुडग्यातली किल्ली काढून नानांच्या चपलांजवळ ठेवली.

माझ्याशी तो आठवडाभर धड बोलला नाही. ते मला सोसलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा मला त्या घरात श्वास घेता येत होता. पुढल्या आम्टच्या खेपेला मी बाईंना म्हणाले की आज मी सगळ्या कागदांची यादी लिहून घेतल्याशिवाय उठणार नाही. बाईंनी दिली. त्याही गेनाऊ म्हणाल्या, मला हसू आवरेना.

नानांनी उरलेले पाच आठवडे ती किल्ली वापरली. चारच्या ठोक्याला एकटे धक्क्यावर जायचे, सहाला परत. निघायच्या दिवशी बेरेंड्स स्टेशनवर आले होते, दोघांनी हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मला नाना म्हणाले, "शंकू आज काढू नकोस. मी पोचलो की त्याच्या दुसऱ्या दिवशी." मी तसंच केलं. त्यांचा फोन आला, मागे समुद्राचा आवाज होता. घराचं काय ते त्यांनी त्या फोनवर सांगितलं नाही, नंतरही नाही. प्रशांतने विचारलं नाही. शेजारच्या मुलीला रोज सकाळी डोकावायला सांगून ठेवलं आणि तो स्वतः रोज संध्याकाळी फोन करायला लागला. हवापाण्याचं बोलायचे. बाप-लेक इतकं कधी बोलले नव्हते.

सव्वा वर्ष नाना त्या घरात राहिले. करोनाच्या बातम्या नुकत्याच चीनमधून यायला लागल्या होत्या, विमानं अजून चालू होती, तेव्हा शेजारच्या मुलीचा फोन आला. सकाळी डोकावली तर ओटीवरच्या खुर्चीत, समुद्राकडे तोंड करून. या वेळी चार दिवस लागले नाहीत, अर्ध्या तासात कळलं. तरी आम्ही पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी त्यांचे दोन मेमो शोधले. पत्र्याच्या पेटीत होते, आणि त्यांच्याबरोबर आमच्या कुक्सहाफनच्या दाराची किल्ली. परत द्यायचं राहून गेलं असेल, किंवा नसेलही. मी ती छातीशी धरून ओट्याजवळ बसले आणि ओरडून रडले.

सात दिवसांनी निघायचं होतं. प्रशांतने बाजारातून नवं कुलूप आणलं. सामान गाडीत गेलं, ड्रायव्हरने दिवे लावून बघितले. प्रशांत दार ओढून कुलूप लावायला वळला आणि थांबला. बाहेरून लावायला काही नव्हतंच. ना कोयंडा, ना कडी. तो दारावरून हात फिरवत राहिला, वर, खाली, परत वर. 

थोड्या वेळाने तो गाडीकडे गेला, ड्रायव्हरला म्हणाला, उद्या या. मग बॅगा उचलून आत आला आणि त्याने आतून कडी लावली.